अश्मचालक

खुर्चीवरचा माणूस किंचाळला तेव्हा देवभानकर त्याच्याकडे नव्हे, घड्याळाकडे बघत होते.

"चौदा सेकंद," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात एकोणीस लागले होते."

माणूस सूर्यकाच कंपनीच्या भांडारातला कारकून होता. 'थोडं टोचल्यासारखं होईल' एवढंच सांगून त्याला प्रयोगशाळेत आणलं होतं. आता तो खुर्चीवरून फरशीवर आला होता. डाव्या बरगड्यांखाली मूठ दाबून तो कधी गुडघ्यांवर, कधी पालथा, कधी कुशीवर होत होता आणि कुठल्याच बाजूला त्याला थारा नव्हता. मग तो भडाभडा ओकला. देवभानकरांनी बोलावलेली डॉ. शलाका नगराळे दारातच थांबली होती. मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून तिची अठरा वर्षं गेली होती आणि तिचा एक साधा आडाखा होता: आतडं फुटलेला माणूस हलत नाही, मुतखड्याचा माणूस थांबत नाही. तिनं पिशवीतून इंजेक्शन काढून त्याच्या दंडात दिलं आणि तो शांत होईपर्यंत त्याचा हात धरून बसली.

"हे माझं यंत्र आहे," ती वर न बघता म्हणाली.

"तुझ्या यंत्राचा धाकटा भाऊ म्हण," देवभानकर म्हणाले. सहा वर्षं दोघांनी मिळून 'दूरभंजक' बनवला होता. गाडीवर बसवलेलं यंत्र गावोगाव फिरायचं आणि रोग्याला हातही न लावता पोटातला खडा फोडायचं. नंतर देवभानकर सूर्यकाच कंपनीच्या सुरक्षा संशोधनाचे प्रमुख झाले आणि जाताना आराखडे घेऊन गेले. "तुझा दूरभंजक खडा फोडतो. हा अश्मचालक, तो खडा नुसता हलवतो. ताकद दहावा हिस्सा, पण पल्ला दोनशे मीटर."

"हलवतो म्हणजे नळीच्या तोंडात नेऊन बसवतो."

"अगदी बरोबर. मूत्रपिंडात खडा पडून असतो तोवर माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तो सुटून मूत्रवाहिनीत अडकला की मागं मूत्र तुंबतं, मूत्रपिंड फुगतं, नळीला पीळ पडतो. नळी ती केवढी, बॉलपेनच्या रिफिलएवढी. आपल्या लहरी मांसातून, रक्तातून सरळ निघून जातात, कारण त्यांच्या लेखी ते सगळं पाणीच. वाटेत खड्यासारखं काही कठीण आलं, तर तेवढंच थरथरतं आणि जागचं सुटतं. ज्याला खडा नाही त्याला काहीही होत नाही. रक्त नाही, वळ नाही, कोर्टात दाखवायला काही नाही."

"आणि खडे कुणाला होतात?"

देवभानकरांनी खिडकीबाहेर बघितलं. समोर काचभट्टी होती. सौर पत्र्यांची काच तिथं वितळायची. उन्हाळ्यात बाहेर एकोणपन्नास अंश व्हायचे, भट्टीच्या तोंडाशी साठ. मजूर लघवीला गेले की ओतकाम थांबतं, म्हणून कंपनीनं मागच्या वर्षी भट्टीजवळचा पाण्याचा नळ काढून टाकला होता. तो परत बसवा, एवढ्या एका मागणीवर सहाशे मजूर संपावर जाणार होते. अंगातलं पाणी घामावाटे गेलं की मूत्र घट्ट होतं, आणि घट्ट मूत्रात क्षार जमून खडा धरतो, हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

"शंभरात तीस," ते म्हणाले. "तुझ्याच शिबिराचा आकडा आहे. त्यावरूनच मला हे सुचलं."

शलाकाला वाटलं, या माणसाच्या थोबाडीत द्यावी. तिनं दिली नाही, याचं तिला पुढं फार दिवस वाईट वाटलं.

"आणि तुमचे रक्षक? तेही समोरच उभे राहणार ना?"

"गाडीच्या पुढंच. भरतीच्या वेळी प्रत्येकाची सोनोग्राफी केली आहे. तीनशे जवान, एकाच्याही पोटात कण नाही. कवच प्लास्टिकचं आहे, लहरी त्यातून आरपार जातात. त्यांना कळणारही नाही."

"माझा भाऊ भट्टीवर आहे, सर. राजरत्न. त्यानं आईला एक मूत्रपिंड दिलं होतं. त्याच्याकडे एकच उरलंय, डावं. त्यात खडा अडकला तर नुसती कळ येणार नाही, मूत्रच बंद होईल. तीन-चार दिवसांत माणूस जाईल."

"मग त्याला घरी थांबायला सांग," देवभानकर म्हणाले, आणि ते खरंच तिच्या भल्यासाठी सांगत होते.

* * *

राजरत्नला घरी थांबायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सहाशे मजुरांनी त्यालाच पुढारी केलं होतं. शलाकानं त्याला अश्मचालकाचं सगळं समजावलं. तो भाकर मोडत ऐकत राहिला.

"म्हंजे ज्याले पाणी भेटलं नाही, त्यालेच ते लागते," तो शेवटी म्हणाला. "मोठं हुशार हाये तुहं यंत्र."

"दादा, तुझं एकच आहे."

"आईले दिलं तवा मोजलं होतं का मी?" आई त्या मूत्रपिंडावर नऊ वर्षं जगली होती.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सहाशे जण फाटकावर आले. समोर पांढऱ्या कवचातले तीनशे रक्षक आणि त्यांच्यामागं एक साधी करडी गाडी. गाडीवरचं पसरट तबक फिरलं. आवाज झाला नाही, उजेड पडला नाही. काही क्षण लोकांना वाटलं, यंत्र बिघडलं. मग पुढच्या रांगेतला एक जण खाली बसला, त्याच्या शेजारचा बसला, आणि बघता बघता दीडशेच्या वर माणसं मातीत लोळायला लागली. दीडशे गळ्यांतून एकदम निघालेला आवाज शलाकानं फाटकासमोरच्या आपल्या दवाखान्यात ऐकला. माणसाचा आवाज असा होतो, हे तिला माहीत नव्हतं.

खाली पडलेल्यांना कोणी उचलायच्या आत रक्षक काठ्या घेऊन आत शिरले. कळ आलेला माणूस डोकं झाकत नाही, त्याचे दोन्ही हात पोटावर असतात. काठ्या डोक्यांवर पडल्या. कवट्या फुटल्या, जबडे निखळले. श्रावण वाढई नावाचा ओतारी लोळत लोळत काचेच्या थप्पीवर गेला, थप्पी त्याच्या अंगावर आली आणि एका तावानं त्याचा गळा कानापासून कानापर्यंत उघडला. त्याचा थोरला भाऊ रामकिसन त्याच्या गळ्यावर दोन्ही तळहात दाबून बसला होता. श्रावण कधीचा गेला होता, तरी रामकिसन हात काढत नव्हता. शेवटी चौघांनी त्याला ओढून बाजूला केलं.

राजरत्नला उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून आणलं तेव्हा तो दात आवळून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला थेंबभर मूत्र झालं नाही. शलाकानं त्याच्या मूत्रवाहिनीत खड्याच्या पलीकडे बारीक नळी सरकवली आणि तुंबलेलं मूत्र मोकळं केलं. मग आपल्या दूरभंजकानं तिनं त्याचा एकूण एक खडा फोडून त्याची वाळू केली. वाळू दोन दिवसांत निघून गेली. त्याच्या चेहऱ्यावर परत रंग आला तेव्हा ती मोरीत जाऊन एकटीच रडली.

"रोज तीन लिटर पाणी," तिनं त्याला बजावलं. "तहान असो वा नसो."

"त्याच्याचसाठी तर संप हाये," तो म्हणाला.

* * *

दुसऱ्यांदा अश्मचालक चालला तेव्हा चाळीस जण पडले. तिसऱ्यांदा फक्त तीन. बाकीचे उभेच राहिले आणि त्यांनी दगड मारून सहा रक्षकांची डोकी फोडली. एकाच्या मुखवट्याची काच डोळ्यात गेली आणि तो डोळा गेला तो गेलाच. मेच्या शेवटी नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि देवभानकर स्वतः शलाकाच्या दवाखान्यात आले. त्यांनी दाढी केली नव्हती.

"यंत्र चोख आहे," ते म्हणाले. "मी तीनदा तपासलं. मग माणसं का पडत नाहीत?"

शलाका हसली. बऱ्याच दिवसांनी. "सर, तुम्ही या जिल्ह्यातलं मुतखड्याचं सगळ्यात मोठं इस्पितळ चालवताय. लहान खडा जागचा सुटला की चार-आठ दिवसांत पडून जातो. मोठा अडकला तर रोगी माझ्याकडे येतो, मी तो फोडते. तुमच्या प्रत्येक माऱ्यानंतर माणूस खड्यातून मोकळा होतो."

"नवे धरतील."

"कशानं? तीन महिने ते भट्टीवर नाहीत. लिंबाखाली बसतात आणि दादाच्या हुकमानं लोटे रिचवतात. संप फोडायला निघालात आणि त्यांची प्रकृती सुधारून दिलीत."

देवभानकर हसले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी चष्मा पुसला. "शलाका, नीट ऐक. परवा रायफलींच्या पेट्या आल्या. व्यवस्थापन म्हणतं, तुमचं खेळणं चालत नसेल तर बाजूला ठेवा. मी त्यांच्याकडून एक संधी मागून घेतली आहे. सोमवारी मजूर पुन्हा फाटकावर येणार आहेत. मी ताकद चौपट करतोय, वाळूएवढा कणही हलेल. दहावीस जण जरी पडले तरी पेट्या बंद राहतील. नाही पडले, तर पहिली गोळी कुणाला लागेल हे मी तुला सांगायला नको."

ते गेल्यावर शलाकानं राजरत्नची सोनोग्राफी केली, त्याला उलटंसुलटं वळवून तीनदा केली. त्याच्या पोटात एक कणही नव्हता. अश्मचालकापासून दादा सुरक्षित होता. गोळीपासून नव्हता.

* * *

शनिवारी रात्री मागच्या दारानं एक तरुण आला. पांढऱ्या कवचाचे व्रण त्याच्या खांद्यांवर दिसत होते. संदेश मडावी, वय चोवीस, कंपनीचा रक्षक. संपकऱ्यांच्या डॉक्टरकडे आल्याचं कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि संपकऱ्यांनी पाहिलं असतं तर त्याचे हातपाय.

"बाई, इथून सुई घुसल्यावानी होते," तो पाठीला हात लावून म्हणाला. "अन् थेट खाली जांगेत उतरते."

शलाकानं सोनोग्राफीचं यंत्र लावलं. भरतीच्या वेळी ज्या मूत्रपिंडांत कण नव्हता, त्यांत आता मोहरीएवढे, तिळाएवढे पांढरे ठिपके होते. डावीकडे पाच, उजवीकडे सात.

"पाणी किती पितोस?"

"घरी पेतो ना."

"कामावर?"

संदेश ओशाळून हसला. "कामावर कोण पेते, बाई? सकाळी साहाले कवच चढवलं का संध्याकाळी साहालेच उतरते. काढायले पाऊण तास लागते, अन् दोघं जण लागते. पहिल्या हप्त्यात एका पोट्ट्यानं दुपारी पाणी पेलं. आतच झालं त्याचं. तवापासून त्याले सारे 'ओल्या' म्हणते. कॅप्टनबी म्हणते. त्या पोट्ट्याची सोयरीक मोडली त्याच्यापायी. मंग आता कोणीच घोटभर पेत नाही. पह्यले दुपारचं बंद केलं, मंग सकाळचंबी."

"सगळेच?"

"सारेच. आमच्यात तर पैज लागते, कोण किती वेळ कोरडा राह्यते त्याची."

कवचाच्या आत बारका पंखा होता. त्यामुळे घाम दिसायचा नाही, अंगातून जायचा मात्र तेवढाच. तीनशे जवान, नव्वद दिवस, बारा-बारा तास, चाळीस-पन्नास अंशांत, कोरडे. शलाकाच्या हातातलं यंत्र त्याच्या पोटावर तसंच राहिलं. भट्टीवरून मजूर उठले होते आणि त्यांच्या जागी रक्षक येऊन उभे राहिले होते, एवढाच काय तो फरक झाला होता. सोमवारी चौपट ताकदीच्या लहरी गाडीतून निघतील त्या आधी या तीनशे पोटांतून जातील. मजूर उभेच राहतील. पडतील ते रक्षक.

ही गोष्ट देवभानकरांना सांगणं तिचं कर्तव्य होतं. डॉक्टर म्हणून होतंच, माणूस म्हणूनही होतं. तिनं फोन हातातही घेतला. पण सांगितलं की अश्मचालक गाडीतच राहील आणि रायफली बाहेर येतील. आणि दादा पहिल्या रांगेत उभा असेल. नाही सांगितलं, तर रक्षकांना कळ येईल. मोठी येईल, पण खड्याच्या कळेनं उभ्या उभ्या कोणी मरत नाही. पंधरावीस मिनिटं ते लोळतील, मजूर त्यांच्या बाजूनं चालत आत जातील, नळ बसवतील आणि हा तमाशा संपेल. डॉक्टरांची ही एक खोडच असते. रोग कसा वागेल हे त्यांना नेमकं सांगता येतं, आणि तेवढ्यावरून माणसं कशी वागतील हेही आपल्याला कळलं असं ते धरून चालतात.

तिनं फोन खाली ठेवला.

संदेशला तिनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आठ दिवसांच्या विश्रांतीचा दाखला लिहून दिला. "सोमवारी कामावर जाऊ नकोस. माझं ऐक. अजिबात जाऊ नकोस."

त्यानं दाखला वाचला आणि घडी करून खिशात घातला. "रजा घेतली तर म्हणतीन, हाबी ओल्या झाला," तो म्हणाला, आणि पाठ चोळत निघून गेला.

* * *

सोमवारी सकाळी दहा वाजता शलाका रुग्णवाहिकेत बसून फाटकाच्या बाजूला थांबली होती. सहाशे माणसं पुढं सरकली. पुढच्या रांगेत राजरत्न होता, त्याच्यापासून तीन हातांवर रामकिसन वाढई. रामकिसनच्या हातात भट्टीतली राख उकरायची लोखंडी पहार होती. बऱ्याच जणांच्या हातात काही ना काही होतं. तबक फिरलं.

पहिला रक्षक गुडघ्यांवर आला तेव्हा मजूरही थबकले, त्यांना वाटलं ही काही चाल आहे. मग पांढरी रांग मधूनच ढासळली. अडीचशेच्या वर कवचं एकावर एक कोसळली, मातीवर आपटायला लागली, आणि मुखवट्यांच्या आतून घुसमटलेले हंबरडे यायला लागले. कवच काढायला पाऊण तास आणि दोन माणसं लागतात. आतल्या आत ओकणाऱ्यांना मुखवटाही सारता येईना. काहींचा जीव तिथंच कोंडून गेला, आणि ही शक्यता शलाकानं धरलीच नव्हती.

सहाशे माणसं क्षणभर गप्प उभी होती. नव्वद दिवस ज्यांनी त्यांची डोकी फोडली ते पायाशी पडले होते, पोटावर हात धरून, डोकी न झाकता. शलाकाला ती शांतता ओळखता आली आणि ती रुग्णवाहिकेतून उडी मारून धावली. पण ती फाटकापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी ओरडलं, "श्रावण!"

मग जे झालं त्याला मारामारी म्हणता येणार नाही, कारण एका बाजूला मारणारं कोणी नव्हतं. पहारी मुखवट्यांच्या खाचेत घालून उचकल्या गेल्या. आतली कोवळी, घामेजलेली तोंडं उघडी पडली की त्यांवर हातोडे बसले. कवचाच्या सांध्यांत काच कापायची हत्यारं घालून माणसं चिरली. एकाला दोघांनी पायांनी धरून काचेच्या थप्पीकडे ओढत नेलं. एक बाई, जिचा नवरा पहिल्याच दिवशी काठीच्या माराने आंधळा झाला होता, एका पडलेल्या माणसाच्या छातीवर बसून दगडानं एकच जागा ठेचत होती आणि मोठमोठ्यानं रडत होती. पायांखालची माती ओली झाली.

"मारू नका!" राजरत्न ओरडत होता. "अबे, मारू नका! मले ठाऊक हाये ते काय असते! उठता येत नाही त्यायले!" त्यानं दोघांना कॉलर धरून मागं फेकलं, तिसऱ्याच्या हातून हातोडा हिसकला. मग रामकिसननं पहार डोक्याच्या वर उचललेली त्यानं पाहिली. खाली एक रक्षक गोळा होऊन पडला होता. तो कोण, कुठला, हे राजरत्नला माहीत नव्हतं, मुखवटा अजून बंदच होता. राजरत्न त्याच्या अंगावर पालथा पडला. पहार आधीच खाली यायला निघाली होती.

ती त्याच्या डाव्या बरगड्यांखाली बसली. रामकिसनला दिसलं आणि त्याच्या हातून पहार गळाली. "रतनभाऊ," तो एवढंच म्हणाला, आणि पुन्हा दोन्ही तळहात दाबून बसला.

शलाका पोचली तेव्हा राजरत्न हलत नव्हता, त्याचं पोट लाकडासारखं कडक झालं होतं. अठरा वर्षांचा आडाखा तिनं मनात उच्चारलाही नाही.

आसपास दुसरा शल्यचिकित्सक नव्हता. आपल्या माणसावर शस्त्रक्रिया करू नये हा नियम तिला पाठ होता आणि तिनं तो मोडला. पोट उघडलं तेव्हा आतलं सगळं रक्तानं भरलेलं होतं आणि मूत्रपिंडाचे दोन तुकडे झाले होते. शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते काढलं तर रक्त थांबेल आणि माणूस वाचेल. ठेवलं तर दहा मिनिटांत जाईल. तिनं रक्तवाहिनीला गाठ मारली आणि ते काढून ताटलीत ठेवलं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात ओळीनं ठेवलेली प्रेतं तिला ओलांडावी लागली. एकतीस होती. अकराव्या प्रेताच्या कवचाच्या आतल्या खिशातून कागदाची घडी डोकावत होती. तिनं ती उघडली नाही.

* * *

नवव्या दिवशी राजरत्नला बोलण्याइतकी ताकद आली. तोवर बऱ्याच गोष्टी होऊन गेल्या होत्या. सरकारनं कंपनीचा ताबा घेतला होता, देवभानकरांना पोलिसांनी नेलं होतं, रामकिसन स्वतःहून ठाण्यावर जाऊन बसला होता. भट्टीच्या प्रत्येक तोंडाशी नळ बसवायचा करार झाला होता आणि त्यावर सही करायला मजूर राजरत्नची वाट बघत थांबले होते. त्याच्या दंडातून रक्त नळीनं यंत्रात जात होतं आणि धुऊन परत येत होतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आता जन्मभर.

"पाणी दे, शलू," तो म्हणाला.

तिनं औषधाचा छोटा पेला भरला. त्यानं पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"एवढंच?"

"दिवसाला अर्धा लिटर, दादा. चहा, वरण, सगळं धरून. मूत्रपिंड नाही तर प्यालेलं पाणी बाहेर जात नाही. छातीत साचतं. माणूस आतल्या आत बुडतो."

त्याला हसू आलं. हसल्यावर टाके दुखले, म्हणून त्यानं ते थांबवलं. पेला त्यानं एका दमात संपवला नाही, जीभ ओली करून ठेवून दिला.

"ते पोट्टे काऊन पडले?" त्यानं विचारलं. "त्यायच्या पोटात तर काहीच नव्हतं म्हणे."

शलाकानं सांगितलं. कवचाचं सांगितलं, ओल्याचं सांगितलं, पैजेचं सांगितलं.

"तुले हे कवा समजलं?"

ती खोटं बोलू शकली असती. "शनिवारी."

यंत्राचा पंप फिरत होता.

"त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळ्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "पहिली तुला लागली असती. दोन्हीकडून मी विचार केला, दादा. सांगावं, की सांगू नये. दुसरं काही नव्हतंच."

"मले सांगाचं होतं," राजरत्न म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "सोमवारी आम्ही फाटकावर गेलोच नसतो."

देवभानकर, व्यवस्थापन, रक्षक, सगळे शलाकानं विचारात घेतले होते. ज्याच्यासाठी घेतले त्याला विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"घरी पाठवले असते म्या सारे," तो म्हणाला. "जावा म्हटलं असतं, बसा लिंबाखाली. आमचं ऐकते ते."

त्यानं पेला उचलून उरलेलं पाणी पाहिलं आणि पुढचं कधी मिळेल ते विचारलं. संध्याकाळी सहाला, तिनं सांगितलं. मग त्यानं डोळे मिटले आणि ती त्याच्या उशाशी बसून राहिली.